नग

सोमवारी मला सुट्टी. पंधरा नंबरची बस
आज दुसराच कुणी चालवतोय,
त्याला वळणावर ब्रेक उशिरा लावायची खोड आहे,
पण ते उद्या.

आज आईला विचारलं, कुठल्या किनाऱ्यावर जायचं?
ती कॉफीत पाव बुडवत राहिली.
ऑनोरीन, वय एक्याऐंशी,
गुडघे तिचेच, पण दुसऱ्या कुणी वापरून परत केल्यासारखे.

मी टेबलावर नकाशा पसरला.
कानपासून माँतोंपर्यंत निळी किनार,
वीतभर जागेत चाळीस नावं,
एकावर एक चढून बसलेली.
हा बघ, म्हटलं, पांढऱ्या गाद्या,
वाळू रोज पहाटे विंचरून ठेवतात,
एका छत्रीखालच्या दिवसाला माझ्या दोन पाळ्या जातील,
जाऊ देत.

तिने नकाशाकडे पाहिलंच नाही.
एकतीस वर्षं तिने बड्या हॉटेलांचे टॉवेल धुतले,
नीसला, स्टेशनमागच्या तळघरात.
खिडकी होती. तिच्यातून चपला दिसायच्या.
समुद्र तिच्याकडे गाठोड्यातून यायचा,
चिठ्ठी लावून, नग मोजून.

"ज्युआँची वाळू पिठासारखी," ती म्हणाली,
"तीन पाण्यांतून काढली तरी मशीनच्या बुडाशी उरायची.
बंदराकडच्या टॉवेलांना डांबर.
डांबराला लोणी लावायचं, मग साबण,
तुला कितीदा सांगितलंय."

"आणि टोकावरचं ते, जिथे नट्या उतरायच्या,
तिथले टॉवेल कोरडेच यायचे.
ओठांचा रंग, तेल, सिगारेटचं भोक,
मीठ नाही. मी जिभेला लावून बघितलंय.
जिथे कुणी पाण्यात जात नाही
तिथे मला कशाला नेतेस?"

एकदा एका टॉवेलात दुधाचा दात निघाला.
साहेब म्हणाले, फेकून द्या.
तो अजून बटणांच्या डब्यात आहे.
लहानपणी मला वाटायचं माझाच असेल.

मग ती थांबली. पाव कॉफीत विरघळून गेला होता.
"शनिवारी," ती म्हणाली, "बायका घरचे टॉवेल आणायच्या,
लपवून, हॉटेलच्या ढिगात सरकवून द्यायच्या.
तसादीतच्या टॉवेलातून कलिंगडाच्या बिया,
बारीक बारीक खडे, कोंबडीचं हाडसुद्धा एकदा,
आणि मीठ इतकं की कापड उभं राहायचं.
रविवारी सगळ्याजणी तिकडे जायच्या.
मला म्हणायच्या, ये.
रविवारी मी दुसरीकडे इस्त्री करायची."

कुठे ते?
"रेल्वेच्या पुलाखाली. विल्फ्राँशला."

मी नकाशा मिटला.

स्टेशनपासून उतरताना पायऱ्या तिने मोजल्या
आणि आकडा मला सांगितला नाही.
सप्टेंबर होता, गर्दी ओसरलेली,
समोर कुणा अब्जाधीशाची बोट
फ्रीजसारखी पांढरी, बंद, गुणगुणत उभी.
आईने तिच्याकडे पाठ केली, चपला काढल्या,
खडे टोचले तेव्हा एक शिवी दिली
जी मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती,
आणि झग्यासकट आत गेली.
गुडघ्यापर्यंत. कमरेपर्यंत.
तिथे थांबली, दोन्ही हात पाण्यावर सपाट ठेवून,
सुरकुत्या काढत असावी तशी.

मी काठावर टॉवेल उघडून उभी.
नवा होता, किंमतीची पट्टी तशीच.

बाहेर आली, माझ्या हातातल्या त्या वस्तूकडे
ओळखीच्या शत्रूसारखं पाहिलं.
"घडी घाल तो. उगाच एक नग वाढायचा."
आणि उन्हात खड्यांवर बसली,
झगा पायांना चिकटलेला, केसांतून पाणी ठिबकणारं.

वरून गाडी गेली, मोनाकोकडे.
तिने डबे मोजले. ओठ हलताना दिसले मला.
मग मनगटाला जीभ लावली, जराशी,
आणि कलिंगड का नाही आणलंस म्हणाली.