जामीनदार

दोन वर्षं झाली. तू पारोळ्याला, मी अमळनेरात.
मधे एसटीचं एक तिकीट.

पतपेढीचा माणूस आज पुन्हा आला,
चपला उंबऱ्याबाहेर, नीट जोडून.
पाणी दिलं. तांब्याकडे बघतच म्हणाला,
"ताई, सही तुमनीच शे ना?"

माझीच.
तुझ्या टेम्पोच्या बॉनेटवर कागद ठेवून केलेली.
इंजिन अजून गरम होतं,
पेन चालेना, तर तू तळहातावर गिरवून
चालतं करून दिलंस.
"फक्त नावाला," म्हणालास.

नावालाच तर धरलंय त्यांनी.

पोटगीची तारीख तीनदा पुढे गेली,
हप्त्याची एकदाही नाही.
टेम्पो आता कुठल्या गावी फिरतो,
पुढच्या सीटवर कोण बसतं,
विचारत नाही मी.
फक्त ब्लाऊजांच्या शिलाईचे पैसे मोजताना
बोटांना डिझेलचा वास येतो.

चारशे दिले. पावतीवर सही हवी होती.
रत्नप्रभा लिहिलं,
आणि हात थांबला मधल्या नावाशी.

"पुरं लिखा, ताई,
रेकॉर्डमा शे तसं."

लिहिलं.
पेन या वेळी लगेच चाललं.