कोननी पोर शे तू?

नंदुरबारहून सुटलेली शहाद्याची गाडी,
शेवटून तिसरं बाकडं.
मांडीवर रिकामी पाटी घेतलेली म्हातारी
स्टँडपासून माझ्याकडेच बघत होती.
करण चौफुली मागं पडली तसं विचारलंन,
"कोननी पोर शे व तू?"

आमच्याकडे नाव नंतर विचारतात.

योना मावचीची, म्हटलं.
मिरचीच्या पथारीवर हमाल, बावीस वर्षं.
चर्चमध्ये सगळे डोळे मिटून गप्प झाले
की मागच्या ओळीतून एक शिंक येते.
पाळक थांबतात, मग पुढचं वचन घेतात.
बाबा आल्याची तेवढीच नोंद.

आई वसतिगृहात ऐंशी पोरांच्या
कळण्याच्या भाकरी थापते.
घरी आम्ही तिघं असलो तरी
हात परातीत ऐंशींचंच पीठ ओढतो.
शेजारपाजारचं त्यावर चालतं.

भाऊ अमोस केळीचा ट्रक घेऊन रावेर ते दिल्ली.
काचेपाशी एकाच दोऱ्याला
क्रूस आणि लिंबू-मिरची.
बोललं तर म्हणतो, रस्ता लांब आहे ताई.

मूळ गाव खांडबाऱ्याच्या आत, डोंगराला लागून.
आजा एकदा नवापूर समजून
साक्रीच्या गाडीत बसला.
परत आला तो थेट मिशनच्या मास्तराकडे:
मला गाडीची पाटी वाचायला शिकव.
मास्तराजवळ पुस्तक एकच, मार्काचं शुभवर्तमान.
सोळा अध्याय संपले, पाट्या यायला लागल्या,
आजा मात्र पुन्हा पहिल्या अध्यायावर.
आम्ही सगळे
त्या चुकलेल्या गाडीतून आलेलो.

हे एवढं तिला कुठलं सांगते.
एवढंच म्हटलं, मी तबीथा.
"तबी... काय?"
बायबलातली तबीथा विधवांना अंगरखे शिवून द्यायची.
मला साधं बटण टाकता येत नाही.
मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत तारा-भिंगं सांभाळते,
आणि सुटीच्या दिवशी जुने रेडिओ उघडते.
भंगारवाला सलीमचाचा माझ्यासाठी बाजूला ठेवतो.
आतापर्यंत अकरा. बोलतात चार.
उरलेल्या सातांजवळही मी बसते.
काटा हळू सरकवत, खरखर ऐकत.
प्रार्थनाही माझी बहुतेक अशीच असते.
बंद करून उठत नाही, इतकंच.

म्हातारीनं माझं कपाळ पाहिलं, मग मनगटं,
आवाज खाली आणला,
"मालक गया का?"
"नाही मावशी, अजून यायचाय."
ती इतकी हसली की कंडक्टरनं वळून पाहिलं.
आम्ही ख्रिस्ती, म्हटलं,
आमच्या घरात टिकली लावत नाहीत.

बराच वेळ ती खिडकीबाहेर.
उसाची एक बैलगाडी मागं पडली, दुसरी पडली.
मग,
"तुमना देव काय खास?"

रविवारच्या शाळेत मला सगळं पाठ होतं,
कुठं जन्मला, शिष्य किती,
थडग्यात किती दिवस.
खातो काय,
हे कुणी विचारलंच नव्हतं.
नैवेद्य नसतो, नारळ नसतो,
सांगणारच होते.
गाडी तापीच्या पुलावर चढली,
आणि आठवलं:
मेलेला तो उठून आला,
मित्र भुतासारखे त्याच्याकडे बघत राहिले,
आणि हा विचारतो,
इथं काही खायला आहे का?

"मासा," मी म्हटलं. "भाजलेला."

तिनं पाटीवर हात फिरवला.
पाटीला सकाळचा वास अजून होता.
"आज सम्दा इकाई ग्यात," म्हणाली,
"नहीतं दिधा असता."

प्रकाशाला उतरली.
चुंबळ, पाटी, पदर, सगळं जागच्या जागी लावलं,
निघाली, चार पावलांवरून परत आली,
माझ्या खिडकीखाली उभी राहून ओरडली,
"तुना बापले सांग,
रातले नाकमा तेल सोड!"