मग

दुसरी ब.
दारूखान्याकडे उघडणाऱ्या दोन खिडक्या,
त्यातली एक गंजून कायमची मिटलेली.
दोरीला चिमटे, चिमट्यांना पुठ्ठे:
आधी. मग. त्यानंतर. शेवटी.
पंखा लावला की "शेवटी" पाठ फिरवतं,
मी ते दिवसातून सात वेळा सरळ करते.

विषय दिला: चहा कसा करतात.
यशदा पोळनं लिहिलं, चहा आईनं केला.
एवढंच, खाली रेघ.
अगं, आधी काय केलं आईनं?
आधी ती उठली.
बरं, आणि त्याआधी?
त्याआधी झोपली होती.
मागच्या बाकावरून कुणीतरी फिदकलं,
मी पण वहीआड तोंड लपवलं.

मग मोज्यांचा खेळ घेतला.
आधी बूट, त्यानंतर मोजे! मी म्हटलं,
वर्ग खदाखदा हसला,
तरी अर्ध्याहून अधिक पायांत चपलाच होत्या.
हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं.

मिसबा मुकादमची वही:
अम्मी उठली मग पाणी आलं मग हंडा भरला
मग बादली भरली मग शेजारणीची बादली पुढे सरकली
मग भांडण झालं मग पाणी गेलं मग...
लाल पेनानं मोजले. एकोणीस.
म्हटलं, मिसबा, इतके मग नकोत.
थोडे काढून टाक.
ती माझ्याकडे बघत राहिली, मग वहीकडे.
एकच आहे बाई, म्हणाली,
हिरवा. कान तुटलाय त्याचा.
पण सगळं पाणी त्यानंच भरतो आम्ही.

पेनाचं टोपण लावायला मला फार वेळ लागला.

आदेश खरात बोलत नाही सहसा.
त्यानं चहाचं नाव वर लिहून खोडलं
आणि खाली लिहिलं, जहाज.

आधी भरतीला जहाज आत येतं.
आधी दिवे काढतात.
(दोनदा आधी. मी काही म्हटलं नाही.)
मग खुर्च्या काढतात मग बेसिन
मग ज्या शिडीवर लिहिलंय चढू नये ती शिडी.
त्यानंतर माझे पप्पा गॅसनं पत्रा कापतात.
त्यानंतर पत्रा ट्रकमध्ये जातो.
शेवटी

आणि पुढे कोरं.

बाई, शेवटी काय लिहू?
शेवटी तिथं जहाज नसतंच.
म्हटलं, तसंच लिही.
नसलेलं कसं लिहायचं?
वीस वर्षं झाली मला फळ्यापुढे उभी राहून,
डी.एड.च्या वहीत कुठेच नव्हतं हे.
घंटा झाली म्हणून सुटले.

सकाळी वही टेबलावर, सगळ्यांच्या वर,
जागा भरलेली, अक्षर चढत चढत गेलेलं:
शेवटी पप्पा घरी येतात.
मी मगानं त्यांच्या हातावर पाणी घालतो.
काळं पाणी येतं.
मग कमी काळं.
मग पाणी.

मूल्यमापनाच्या तक्त्यात रकाना आहे:
क्रमदर्शक शब्दांचा योग्य वापर करतो.
होय, नाही, सरावाची गरज.
पेन हातात धरून बसले,
खाली रस्त्यावर भंगाराचा ट्रक मागे येत होता,
क्लीनर ओरडत होता, आन दे, आन दे, बस्स.
मी आदेशच्या नावापुढे काहीच केलं नाही.
मिसबाच्याही नाही.

आज दोरीवर एक चिमटा रिकामा आहे.
"मग"चा पुठ्ठा कुणीतरी घरी नेला.
कोण ते विचारलं नाही.
तीनच शब्दांवर वाचून घेतलं:
आधी,
त्यानंतर, शेवटी.
मुलं "आधी" म्हणून झाल्यावर
तिथं क्षणभर थांबत होती,
सगळी एकदम, न सांगता,
आणि मगच पुढे जात होती.