खडूचं घर

नव्या घराचे चारच फोटो आलेत
आणि एजंटाने पाठवलेली मापं:
हॉल दहा बाय तेरा, आतली खोली आठ बाय दहा,
स्वयंपाक सहा बाय सात.
मोरीचं माप त्याने दिलंच नाही.
ठाणं म्हणायचं, पत्ता कळव्याचा.

म्हणून रविवारी, ऊन चढायच्या आत,
टेप घेऊन गच्चीवर गेलो.
शालूच्या पाटीवरचा खडू घेतला
आणि विश्रामबागेतल्या फरशीवर
कळव्याचं घर आखलं.

एका कोपऱ्यात मावलं.
उरलेल्या गच्चीत कुडचीकर काकूंचं जुनं पातळ,
त्यावर सांडगे.
ते आमच्या हॉलपेक्षा मोठं निघालं,
मी उगीचच मोजलं.

काकू कावळे हाकलत होत्या.
म्हणाल्या, "एकाच पगारात भागंल व्हय रं तिकडं?"
मी म्हणालो, "बघू की."
सांगलीत 'बघू की' म्हटलं
की पुढचं कोणी विचारत नाही.

पगार वृषालीचा.
मिरजेच्या लॅबमधून तिकडच्या मोठ्या लॅबमध्ये,
हातात बेचाळीस.
रात्री कॅलेंडरच्या मागे तिने हिशोब मांडला:
भाडं एकोणीस,
डिपॉझिटसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता,
दूध, गॅस, माझ्या आईची औषधं.
शाळेची फी पेन्सिलीने लिहिली,
म्हणजे खोडता येईल.
माझं नाव लिहिलं आणि पुढे
शून्य नाही, रेघ नाही,
जागा सोडली.
तिच्याबद्दल आम्ही अजून बोललेलो नाही.

गणपती पेठेत माझं लग्नपत्रिकांचं दुकान होतं.
पंधरा वर्षं दुसऱ्यांच्या मुहूर्तांवर जेवलो.
आता मुहूर्त फोनवर येतात,
गणपतीसुद्धा त्यात हलतो, मोदक उचलतो.
फ्रेमा, रंगाचे डबे, वाळवायचा रॅक
सगळं मिरजेच्या तांबोळीने उचललं,
एक फ्रेम तेवढी परत दिली.
'कृपया आहेर आणू नये.'
म्हणाला, ही आता कोण छापतंय.

दुकानाच्या भिंतीवर एकोणीसच्या पुराची रेघ होती,
माझ्या कानाला लागायची.
नव्या भाडेकरूने रंगारी आणला त्या दिवशी
शालूला रेघेखाली उभं केलं.
"अजून दीड फूट," मी म्हणालो.
"मग काय होणार?" तिने विचारलं.
रंगाऱ्याने ब्रश बुडवला.

गच्चीवर आता कपाट मांडून बघतोय.
लोखंडी कपाट, सासऱ्यांनी दिलेलं.
भिंतीला लावलं तर त्याचं दार पलंगावर आपटतं,
फिरवलं तर स्वयंपाकात जायची वाट बंद.
खडूने तीनदा काढलं, तीनदा पुसलं.
स्कूटर मगदूमांच्या पोराला दिली
तेव्हा एवढा वेळ लागला नव्हता.

शालू उठून आली.
तिला वाटलं, बाबांनी ठिकरीचे घर आखलेत.
कौलाचा तुकडा तिने थेट मोरीत टाकला,
एका पायावर हॉल ओलांडला,
आतल्या खोलीत वळली,
रेघेवर पाय पडला तरी पडला नाही म्हणाली,
आणि काकूंच्या सांडग्यांपाशी
दोन्ही पाय टेकून जिंकली.

वृषाली चहा घेऊन वर आली.
रेघेपाशी थांबली.
बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली,
"दार कुठाय?"

दार विसरलो होतो.
टाचेने रेघ पुसली, वीतभर जास्तच पुसली गेली.
तिने चपला बाहेर काढल्या,
आत आली, कप ठेवायला जागा शोधली,
कपाटावर ठेवला.

"आणि तू दिवसभर बसणार कुठे?"

खिडकीपाशी, असं म्हणत
मी हात केला.
खिडकी कुठल्या भिंतीला आहे
ते मापांत नव्हतं.