हिरवा ठिपका

मकरपुऱ्याचं ऑफिस रिकामं केलं तेव्हा
कंपनी म्हणाली, आपापली खुर्ची घेऊन जा.
छोटा हाथीत चाकं वर करून
माझी खुर्ची दांडिया बाजारात उतरली.
शेजारच्या त्रिवेदींनी विचारलं, 'प्रमोशन?'

सव्वीस वर्षं त्या खुर्चीवरून
नऊ वाजून दहाला मी रजिस्टरमध्ये तांबडी रेघ ओढली.
रेघेखाली सही करणाऱ्याला
मान खाली घालावी लागायची.
एवढंच माझं राज्य. सांभाळलं ते नीट.

आता टीव्हीकडे पाठ,
आणि स्क्रीनच्या कडेला अकरा ठिपके.
हिरवा म्हणजे आहे. करडा म्हणजे
काय, ते परिपत्रकात नव्हतं.

निपुणा सुर्वे रोज साडेतीनला करडी व्हायची,
पाचपर्यंत तशीच.
मी वहीत लिहीत गेलो, तारीखवार, सवयीनं.
सतरा दिवस भरल्यावर फोन केला.
मागे कुकर, कुणाचं तरी खोकणं.
'साहेब, पंपांची सगळी बिलं पहाटे पाचला पाठवलीत.
उघडलीत का तुम्ही?'
नव्हती उघडली.
मी ठिपका बघत होतो.

बिलांत पैशाची चूक नव्हती.
उलट माझ्याच मार्चच्या आकड्याखाली
बारीक अक्षरात तिचा प्रश्न:
हे दोनदा धरलंय का?
दोनदाच धरलं होतं.

त्याच आठवड्यात कळलं,
पुण्यात बसून कुणीतरी
माझा ठिपका बघतं.

मग आंघोळ म्हणजे चोरी.
दारात कुरिअरवाला उभा, तरी चोरी.
वासंती म्हणाली, 'ऑफिसात चहाला चारदा उठायचात,
तेव्हा कोण मोजायचं?'
माझे कुणीच नाही.
इतरांचे मी.

तोडगा लेकानं सांगितला:
माउसखाली काट्यांचं घड्याळ ठेवा.
सेकंदकाटा फिरतो, पडद्यावर बाण थरथरतो,
ठिपका हिरवा राहतो.
काट्यांचं घड्याळ घरात एकच,
पंचवीस वर्षांच्या सेवेबद्दल कंपनीनं दिलेलं.
मागे माझं नाव कोरलंय, पुराणिकातला 'णि' चुकवून.
ते उताणं ठेवलं, त्यावर माउस,
आणि बुधवारी सकाळी अकराला
चपला घातल्या.

खंडेराव मार्केट मला रविवारचंच ठाऊक.
बुधवारी तिथे धक्के नाहीत,
भाजीवाल्या एकमेकींच्या डब्यातलं खातायत.
एकीनं विचारलं, 'रिटायर थई गया, काका?'

पापडीच्या ढिगापाशी निपुणा.
चाकांच्या खुर्चीत तिचे वडील,
मांडीवर पिशवी, पिशवीतून डोकावणारी मेथी.
या घडीला तिचा ठिपका कुठल्या रंगाचा,
मला माहीत नव्हतं.
माझा हिरवा होता.

'काय भाव पापडी?' मी विचारलं.
'ऐंशी. पण घेऊ नका, जून आहे.'
वडिलांनी हात जोडले, तशी पिशवी घसरली.
मी उचलून दिली.
बाकी काही बोलणं झालं नाही.

घरी आलो तर घड्याळ चालूच.
दीड तास
माझ्याशिवाय मी हजर होतो.

महिनाअखेरच्या अहवालात एक रकाना असतो,
'उपलब्ध वेळ'. अकरा नावं, अकरा आकडे.
त्या महिन्यात मी तो गाळला.
पान ओकंबोकं दिसू नये म्हणून
शेजारचा रकाना थोडा रुंद केला.
उघडण्याआधी हात थरथरायचा तसा
पाठवतानाही थरथरला.
घड्याळ पुन्हा मनगटावर बांधलं,
पट्ट्याला एक भोक वाढवून.

पाच महिने झाले.
पुण्याहून कुणी विचारलेलं नाही.
एक तर तिथे कुणी वाचत नाही,
किंवा वाचणाराही
माउसखाली घड्याळ ठेवून
भाजीला गेलाय.