रकाना क्रमांक सात

सातव्या रकान्यात लिहायचंय : इजेचे स्वरूप.
रकाना दीड बोटाचा.
माझी गेलेली बोटं दोन.

शबाना म्हणाली, घाई नाही, आधी चहा घे.
तिच्या गळ्यात विधी सेवा प्राधिकरणाचं ओळखपत्र,
फोटोत ती आत्तापेक्षा बारीक आणि घाबरलेली.
सांगलीच्या कोर्टात, जिन्याखालच्या या खोलीत
पंखा आहे, वारा नाही.
सावळजहून पहिल्या गाडीनं आले,
तिकीट कनवटीला जपून ठेवलंय,
साक्षीला आलं की तेही मिळतं म्हणे परत.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
असं बरंच.

फिर्यादीची प्रत फुकट मिळते, हे पण.
ठाण्यातला म्हणाला, झेरॉक्स बंद आहे, सोमवारी या.
सोमवारी म्हणाला, साहेब बंदोबस्ताला.
तिसऱ्या खेपेला शबाना बरोबर आली.
भांडली नाही.
खुर्ची ओढली, पिशवीतून लोकर काढली
आणि नातवाचा स्वेटर विणायला बसली.
दोन ओळी व्हायच्या आत
झेरॉक्स चालू झालं.

अर्जावर पहिल्याच ओळीत : पीडितेचे नाव.
तिथं मी थांबले होते, सातव्याच्याही आधी.
आमच्यात इडा पीडा टळो म्हणतात,
मीठमोहऱ्या ओवाळतात,
भाकरतुकडा उतरवून तिकाटण्यावर टाकतात
आणि मागं वळून बघत नाहीत.
सिव्हिलमधून घरी आले तेव्हा गल्लीनं
माझंही तसंच केलं.
बेदाण्याच्या शेडवर माझ्या जागेला
पाण्याची कळशी ठेवली होती.
काड्या निवडायला दोन बोटं लागतात,
नेमकी तीच दोन.

कोयता माझ्यासाठी नव्हता.
तो शालनसाठी होता, माझ्या जावेसाठी,
कालवणात मीठ जास्त झालं होतं
किंवा दुसरं काहीतरी, कारण कुणाला आठवत नाही.
मी हात आडवा घातला.
विचार करून घातला असता
तर उजवा घातला नसता.

शबानाचे आजोबा गावोगाव फिरून
कोयत्यांना धार लावायचे.
मी विचारलं नव्हतं, तिनंच सांगितलं.
म्हणाली, त्यांनी लावलेलीही असेल एखाद्याला.
मग बराच वेळ शिक्के मारत राहिली.

साक्षीच्या वेळी मधे पडदा मागता येतो.
मी म्हटलं, नको.
दिराला हात दिसू दे.
रात्री मात्र झोप लागली नाही,
पहाटे शबानाला फोन केला,
ती म्हणाली, मागितलेला पडदा नको म्हणता येतो,
न मागितलेला आयत्या वेळी मिळत नाही.
मागून ठेवला.

बाहेरच्या बाकावर शालन बसलेली,
दिराच्या आईशेजारी, मांडीवर डबा.
तिनं जबाब फिरवलाय.
कोयता दिसला नाही म्हणते, अंधार होता म्हणते.
आमच्या स्वयंपाकघरात साठचा बल्ब आहे.
वर्षभर मी तिच्यावर जळत होते, दिरापेक्षा जास्त.

दुपारी नळावर हात धुताना
ती शेजारी येऊन उभी राहिली.
भिंतीकडं बघत म्हणाली,
त्या स्वेटरवाल्या बाईचा नंबर काय?
गळ्याखाली, पदराआड, नवीन निळं काहीतरी.
कागद नको म्हणाली, घरी तपासतात.
मग एकेक आकडा बोटावर मोजत सांगितला,
तिनं पुटपुटत पाठ केला.
नंबर दहा आकडी.
माझी बोटं आठव्याला संपली.
पुढचे दोन तिच्या ओल्या बोटांवर मोजले.
मग ती डबा घेऊन परत त्यांच्यात जाऊन बसली.

सातवा रकाना अजून तसाच आहे.
शबाना चष्मा पुसत म्हणते,
जागा पुरत नसेल तर पुरवणी जोड,
कितीही पानं चालतात.

हेही मला कुणी सांगितलं नव्हतं.