दोन बोटं आत

अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये आम्ही गणवेश शिवतो.
कुठल्या गावच्या पोरांचे,
ते फक्त खोक्यावर लिहिलेलं असतं.
निळ्या पिनाफोरला खाली दोन बोटं कापड आत मुडपायचं,
सैल टाका घालायचा.
पोर वाढली की आई उसवेल,
आणखी एक वर्ष निघेल.

साळूआत्या बोरामणीहून आली, मोतीबिंदूसाठी.
पिशवीत बाजरीचं पीठ, आधार कार्ड
आणि एक इरकल.
"निऱ्यांपाशी विरलंय. टीप मारून आण."

मशीनवर पसरलं.
अंग धुऊन धुऊन राखेच्या पाण्यासारखं,
मूळचा रंग कुठला, ते सांगायला कुणी उरलेलं नाही.
पण एका कडेची घडी इतकी मुरलेली
की इस्त्रीलाही दाद देईना.
नखानं उचकटली.
आत गोमी काठ.
लालभडक, आणि पिवळ्या गोमीचा
एकेक पाय शाबूत.

शेजारच्या मशीनवरून बालामणी वाकली.
तिच्या बापाचा माग होता साखर पेठेत.
काठावरून अंगठा फिरवत म्हणाली,
"अगं, ह्याला ऊनच लागलेलं नाही."

संध्याकाळी आत्या शेंगा फोडत बसलेली.
विचारलं.
"काठ आतच घालायचा असतो की.
सासू घालायची, तिची सासू घालायची.
वेशीतनं जाताना दिसला
तर वरच्या आळीच्या बाया म्हणायच्या,
मग आमच्यात अन् हिच्यात फरक काय ऱ्हायला?"

"आणि दुकानदार?"

"दुकानदार पैसे काठासकट घ्यायचा."

एक शेंग कानाशी धरून वाजवली,
पोकळ निघाली, बाजूला टाकली.

"पण पुढं तर कुणी अडवत नव्हतं ना?"

"न्हाई.
अडवायचं बंद झालं, ते आम्हाला कळलं.
हाताला कुणी सांगितलं?
रुक्मीचं बक्षीस होतं शाळेत, तवा काढला होता भाईर.
घरातनं निघाले ऐटीत.
शाळेच्या फाटकापाशी पोरगी म्हणती,
आई, काठ कुठं गेला?
मधल्या वाटंत कवा आत घेतला,
माझं मलाच ठावं न्हाई."

"मग आता घे की बाहेर."

आत्या हसली, तोंडात शेंगदाणा तसाच.
"आता?
अंग बघ अन् काठ बघ.
लोकं म्हणतील, म्हातारीनं
जुन्या लुगड्याला नवं ठिगळ लावलंय."

दुसऱ्या दिवशी साडेतीनशे पिनाफोरांचा लॉट होता.
दोन बोटं आत, दोन बोटं आत.
माझा टाका सैल, फारच सैल पडत गेला.
सुपरवायझरनं अकरा नग परत टाकले:
"हे तर हात लावला की उसवतंय."

लुगडं अजून टेबलाखाली आहे, घडी उघडी.
टीप नेमकी कुठून मारायची
ते आत्याला विचारायचं राहिलंय.